सासूची ड्यूटी

नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द उच्चारला असेल, असं कुणी विचारलं तर मी पटकन सांगेन, ‘झोपा’. आणि सगळ्यात कमी ऐकला गेलेला शब्दही तोच. गोळ्या लोक घेतात, इंजेक्शनला तोंड वाकडं करून का होईना दंड पुढं करतात. पण गुमान पडून राहा म्हटलं की आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला अपमान झाल्यासारखं वाटतं. दिवसाढवळ्या आडवं होणं म्हणजे काहीतरी खोट, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. पुरुषमाणसं निदान तोंडावर पेपर घेऊन डुलकी काढतात. बायकांना तीही सोय नाही.

मी मूळची आटपाडीकडची. ट्रेनिंग सांगलीला झालं आणि नव्वदीच्या दशकातली बरीचशी वर्षं गेली पाटणच्या बाजूला, कोयनेकाठच्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात. एक पुरुषांचा वॉर्ड, एक बायकांचा. बायकांच्या वॉर्डात बाळंतीण, हिवतापाची म्हातारी आणि विळा लागलेली ऊसतोडीची बाई अशा सगळ्या शेजारी शेजारी. नर्सचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं इंजेक्शनचं. खरं तर ते असतं दिवसभर वॉर्डात असण्याचं. डॉक्टर राऊंडला येतात, लिहितात, ओपीडीला जातात. त्यांचीही तारांबळच असते. मागं उरतो तो पेशंट आणि आम्ही. काचेच्या सिरिंज उकळायच्या, गॉज कापायचं, कापसाचे बोळे वळायचे, आणि हे करताना कोण जेवलं नाही, कोण भिंतीकडं तोंड करून पडलंय, कुणाचा नवरा आला आणि न बोलता गेला, हे बघायचं. हे बघणं कुठल्याही चार्टवर लिहीत नाहीत.

पुढं आम्हाला साताऱ्याला प्रशिक्षणाला बोलावलं, तिथं एका बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘रुग्णाचे सर्वांगीण आरोग्य व मानसिक स्वास्थ्य’. आणि विचारलं, याचा अनुभव कुणाला आहे का. सगळ्या वह्यांत बघायला लागल्या. मला एकदम हौसाबाई आठवल्या आणि हसू आलं. बाईंना वाटलं, मी चेष्टा करते. तिथं सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगते.

त्याआधी थोडं हवालदारांबद्दल, कारण हौसाबाईंचा इलाज मला त्यांच्यावरून सुचला. पुरुषांच्या वॉर्डात एक रिटायर्ड हवालदार होते, ऊसवाल्या घरचे, पाय प्लॅस्टरमध्ये. सकाळपासून ओरडायचे. चहा गार का, खिडकी उघडी का, शेजारचा खोकतो का. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, “हवालदारसाहेब, माझ्याच्यानं या वॉर्डाच्या चादरी सरळ राहत नाहीत. तुम्ही जागेवरून जरा लक्ष ठेवाल का?” दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर झाडून सगळ्या चादरी ताठ, आणि पेशंट त्याहून ताठ. त्यांचं ओरडणं काही थांबलं नाही, पण आता ते कामाचं झालं. आणि माणूस जेवायला लागला.

तर हौसाबाई. आमच्याकडं डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या वेळी टाके घालून व्हायचं. मग डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही, वाकायचं नाही, शांत पडून राहायचं. वॉर्ड म्हाताऱ्यांनी भरून गेलेला. त्यात हौसाबाई एका डोळ्याचं ऑपरेशन करून आल्या. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं दिसायचं म्हणजे उजेड आणि सावल्या. त्याच दिवशी त्यांची सून शालन तपासणीला आली. आठवा महिना लागलेला, पायांवर सूज, रक्तदाब चढलेला. मी तिची लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली तर ढगाळ झाली. ही खूण वाईट. गरोदर बाईचा दाब असा वाढत गेला की आकडी येते, आणि आई-बाळ दोघंही हातचे जाऊ शकतात. डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, “डाव्या कुशीवर झोपून राहायचं. गोळ्यांइतकंच हे महत्त्वाचं.”

शालनचा नवरा मिलिटरीत, लांब सरहद्दीवर. सासरे ऊस सोडून आलेले. त्यांनी हात जोडले. “सिस्टर, दोगीस्नी जवळजवळ ठेवा. एकाच डब्यात भागंल, आन् एकमेकीला सोबत बी हुईल.” मलाही ते बरंच वाटलं. दोघीतिघींना हलवून समोरासमोरच्या दोन खाटा दिल्या.

पहिल्याच दिवशी हौसाबाईंनी मला विचारलं, “सिस्टर, तुमी कुणाच्या म्हणायच्या?” या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना कळतो. मी सरळ सांगितलं, “आटपाडीकडची. बौद्ध.” त्या “बरं” म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या जरा आपल्याकडं ओढून घेतला. मी माझ्या कामाला लागले. नर्सला सगळ्या गोष्टींचा राग मानून चालत नाही, नाहीतर दुपारपर्यंतच राग संपून जाईल.

आता खरी गंमत. शालनचा दाब काही उतरेना. गोळ्या मी स्वतः देत होते, जेवण अळणी होतं, तरी रोज सकाळी पारा तिथंच. पायांची सूज उलट वाढत चाललेली. तिकडं हौसाबाईंचा ऑपरेशन केलेला डोळाही लाल, सारखा पाझरतोय. डॉक्टर म्हणाले, “आणखी एक-दोन दिवस बघू. नाहीच उतरला तर साताऱ्याला पाठवावं लागेल.” हे ऐकल्यावर शालनचा चेहरा पांढराफटक पडला. आया शेवंतामावशी माझ्या कानाशी लागल्या, “हिचं मागलं बाळ साताऱ्याच्या वाटंवरच गेलं. जीपमदी.”

त्या दिवशी ड्यूटीरूममधला पंखा बंद पडला होता, म्हणून मी गॉज कापायला वॉर्डात येऊन बसले. दुपारची वेळ. बघते तर शालन खाटेवर बसलेली. पाय खाली सोडलेले, पाठ ताठ, डोक्यावरून पदर. मी म्हटलं, “शालन, पड गं.” ती पडली. मी कात्रीकडं बघितलं आणि परत मान वर केली तर ही उठून बसलेली. पुन्हा सांगितलं, पुन्हा पडली. पुन्हा बसली.

तपासणीच्या खोलीत नेऊन मी तिला विचारलं, “झोप येत नाही का तुला?”

“येतीया की. लय येतीया.”

“मग पडत का नाहीस?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आत्याबाई जाग्या हायत्या.”

“असू देत की.”

“त्यांच्या डोस्क्याकडं पाय हुत्यात माजं.”

खाटा भिंतींना लावलेल्या, दोन रांगा समोरासमोर. शालन दक्षिणेच्या भिंतीकडं डोकं करून झोपायची, म्हणजे पाय मधल्या वाटेकडं. समोरच्या रांगेत उशा उत्तरेला लावलेल्या, पण उत्तरेला डोकं करून आमच्याकडं कोण झोपतंय? त्या रांगेतल्या बायका आल्या आल्या उशी उचलून पायथ्याला न्यायच्या. म्हणजे हौसाबाईंचं डोकं मधल्या वाटेला. सुनेनं पाय लांब केले की ते थेट सासूच्या डोक्याकडं. आणि सासू बसलेली असताना सुनेनं आडवं व्हायचं, हे तर त्याहून अवघड.

मी म्हटलं, “अगं, त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. दुसऱ्यानं दिसत नाही. त्यांना तुझे पाय दिसणार कसे?”

“दिसत न्हाईत, पर कळत्यात.”

खरंच होतं ते. हौसाबाईंना खाट करकरली तरी कळायचं.

मी डोकं चालवलं. शालनची उशी फिरवली, पाय भिंतीकडं केले. समोरून आवाज आला, “कोण हाय? पोटुशी बाईला दक्षिणंला पाय करून निजवत्यात व्हय?” उशी परत जागेवर. वॉर्डाच्या टोकाची खाट देते म्हटलं तर शालन हातापाया पडायला लागली. “नगा सिस्टर. गावात म्हणत्याल, सासूपास्नं लांब जाऊन निजली.” शेवटी मी हिरव्या कापडाचा पडदा आणून दोघींच्या मध्ये उभा केला. मनात म्हटलं, आता काय करशील?

वॉर्डात पडदा कधी लावतात, ते पेशंट लोक आमच्यापेक्षा चांगलं ओळखतात. काही बरंवाईट झालं की पडदा येतो. चाकांचा आवाज आला तशा हौसाबाई पट्टीसकट खाटेवरून उतरल्या आणि हात पुढं धरून चाचपडत वाटेत आल्या. “काय झालं माज्या सुनंला? फडकं कशापायी लावलं?” मी धावत जाऊन त्यांना धरलं. आतून शालनचा आवाज, “आत्याबाई, मी बरी हाय, तुमी उठू नगा,” आणि तीही पडद्याच्या बाहेर. दोघीही उभ्या. दोघींनाही पडून राहायला सांगितलेलं.

मी चिडले. हौसाबाईंना खाटेवर बसवलं आणि म्हटलं, “आवं आजी, तुम्हाला मान हलवायची नाही म्हणून सांगितलंय ना? आल्यापासून तुम्ही एक दुपार पडलेल्या नाही. डोळा बघा कसा झालाय. कशासाठी बसता उठून?”

“ती बसलीया म्हणून मी बसलीया.”

“आणि ती तुम्ही बसलाय म्हणून बसलीय.”

हौसाबाई एकदम हळू म्हणाल्या, “मागल्या टायमाला मी निजले हुते, सिस्टर. दुपारचा जरासा डोळा लागला. उटून बघती तर पोरगी परसात पडलेली, त्वांडाला फ्यास. किती येळ पडली हुती कुणाला ठावं. म्या जागी असते तर लेकरू हातात असतं आज. तवाच ठरवलं. ही पोटुशी असंपातूर दिवसाची पाठ टेकायची न्हाई.”

मी पुष्कळ सासवा बघितल्या होत्या. त्यांच्याविषयी माझी मतंही पक्की होती. त्या दुपारी ती मतं मी गुंडाळून ठेवली. सून सासूचा मान राखायला जागी, सासू सुनेची राखण करायला जागी, आणि दोघींच्या जागरणात तिसरा जीव पोटात गुदमरतोय. औषध कुणाला देणार? दोघींपैकी एकीचंही चुकलेलं नव्हतं.

मग मला हवालदार आठवले.

मी हौसाबाईंच्या शेजारी बसले. दाब म्हणजे काय, सूज का येते, बसून पाय लोंबकळत ठेवले की काय होतं, डाव्या कुशीवर झोपलं की बाळाला रक्त कसं नीट पोचतं, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. शेवटी मी म्हटलं, “आजी, डॉक्टरांचं ती ऐकत नाही. माझं ऐकत नाही. तुमचंच ऐकते. मला तुमची मदत पाहिजे. तिला झोपवायची ड्यूटी तुमची. सूज किती आहे तेही तुम्ही बघायचं, सकाळ-संध्याकाळ.”

“मी बघू? मला दिसतंय कुटं?”

“डोळ्यानं नाही बघायचं. अंगठ्यानं.” मी त्यांचा हात माझ्या नडगीवर ठेवला. “इथं दाबायचं. खड्डा पडला आणि तसाच राहिला तर सूज जास्त. लगेच भरला तर कमी.”

त्यांनी दाबून बघितलं. माझ्याच पायावर, निवांतपणे, बराच वेळ. हात आखडते घेतील असं मला वाटलं होतं. नाही घेतले. मग मान न हलवता, माझ्याच खांद्याला धरून उठल्या आणि समोरच्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर जाऊन बसल्या.

“शालन, नीज.”

शालन पडली. डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन.

“पाय सरळ कर.”

“आत्याबाई…”

“माज्याकडं कर. मला सूज बघायचीया.”

सासू सुनेच्या पायाला हात लावणार हे ध्यानात आल्यावर शालन ताडकन उठली. “न्हाई आत्याबाई. मला पाप लागंल.”

“तुजं पाप माज्या नावावर लिव. नीज म्हनते न्हवं.”

सगळा वॉर्ड बघत होता. शालननं पदर तोंडावर ओढून घेतला आणि पाय लांब केले. हौसाबाईंनी ते सुजलेले पाय चाचपडत मांडीवर घेतले, अंगठा दाबला, बोटानं खड्डा तपासला आणि म्हणाल्या, “सिस्टर, कणकीत बोट रुतावं तसं रुततंय. उद्या हितं खड्डा दिसता कामा न्हाई.” जणू मीच सूज आणली होती. शेवंतामावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आता या म्हातारीफुडं आपलं काय खरं न्हाई.”

शालन झोपली. खरीखुरी, घोरत. ती झोपली म्हटल्यावर हौसाबाईंनाही मी पाठ टेकायला लावली. “मी जागी आहे, आता माझी ड्यूटी,” असं दहादा सांगितल्यावर.

दुसऱ्या दिवशी दाब थोडा खाली आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. डॉक्टरांनी दोनदा मोजून बघितला आणि विचारलं, “गोळी बदलली का?” मी सगळं सांगितलं. ते हसले, हौसाबाईंजवळ गेले आणि म्हणाले, “आजी, रिपोर्ट काय?” हौसाबाई म्हणाल्या, “डाव्या पायाचा खड्डा भरतुया. उजवा अजून आळशी हाय.” डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि मान डोलावली. साताऱ्याला पाठवायचं त्यांनी लांबणीवर टाकलं, पण गाडी तयार ठेवायला सांगितली. ते बरोबरच होतं. पाठ टेकून सगळेच दाब उतरत नाहीत. ज्या बायकांना वेळेत पाठवता आलं नाही, त्यांची तोंडं मला अजून आठवतात. म्हणून तर ही एक गोष्ट मी जपून ठेवली आहे.

हौसाबाईंची पट्टी निघाली, हिरवी झापड आली, घरी जायला परवानगी मिळाली, तरी त्या हलल्या नाहीत. खाट सोडली आणि स्टुलावर मुक्काम ठोकला. हळूहळू सगळा वॉर्ड त्यांच्या ताब्यात गेला. दुपारची जेवणं झाली की त्यांचा आवाज यायचा, “चला, निजा समद्या.” भेटायला आलेली माणसं व्हरांड्यात थोपवली जायची. एकदा डॉक्टर मोठ्यानं बोलत आत आले तर म्हातारी म्हणाली, “सायेब, हळू. माज्या बायका निजल्यात.” डॉक्टर चवड्यांवर बाहेर गेले. विळा लागलेली ऊसतोडीची बाई मला म्हणाली, “सिस्टर, लगीन झाल्यापास्नं दिसाची पयल्यांदा निजले बगा. सपान बी पडलं.” कसलं, विचारलं तर लाजली आणि सांगितलंच नाही. त्या महिन्यात वॉर्डातल्या बायका हसायला लागल्या होत्या. जखमा भरत होत्या, जेवण संपत होतं, आणि दुपारी वॉर्डात शिरलं की नुसता श्वासांचा आवाज. मला माझ्या नोकरीचा इतका अभिमान नंतर कधी वाटला नाही, आणि त्यात माझं काम काय, तर गॉज कापत बसणं.

शालनला दिवस भरून मुलगी झाली. आमच्याकडंच, भर सकाळी. मी बाळ गुंडाळून हौसाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी बाळाच्या इवल्याशा पायावर आधी अंगठा टेकवला. सवयच लागली होती.

बारशाला मला आग्रहाचं बोलावणं आलं. सुट्टी काढून, लोकरीचं टोपडं घेऊन मी गेले. दुपारची वेळ. अंगणात बायका जमलेल्या, पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं, पण सगळ्या गप्प. ओसरीत, दाराच्या उंबऱ्याशी हौसाबाई बसलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावून. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“सून निजलीया,” त्या कुजबुजल्या. “रातभर पोरगीनं जागवलं तिला.”

एक म्हातारी म्हणाली, “आगं हौसा, येळ टळतीया की.”

“टळू दे. उटली की बारसं.”

मी दारातून आत डोकावले. शालन बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपलेली. पाय सरळ लांब, दाराकडं, थेट सासूकडं.

मी पण अंगणात त्या बायकांत जाऊन बसायला निघाले. हौसाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चष्म्यातून पहिल्यांदाच नीट बघत होत्या. म्हणाल्या, “सिस्टर, तुमी कवा निजता वो दुपारच्याला?”

इतकी वर्षं सगळ्यांना ‘झोपा’ म्हणत आले होते. मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ओसरीवरचं आपल्या बाजूचं घोंगडं हातानं झाडलं, उशाशी आपलं एक धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

“पानी प्या आन् पाठ टेका जरा. मी हाय जागी.”

मी पाणी प्यायले, चपला काढल्या आणि त्यांच्या ओसरीवर आडवी झाले. बारशाला मला उठवावं लागलं.